मनाच्या शास्त्राचे आचार्य : प्राध्यापक धर्मानंद कोसंबी

आपल्या वस्तीतली कितीतरी मुलं-मुली आता कॉलेजात मानसशास्त्र हा विषय घेऊन शिकतात. त्यांच्या पुस्तकांत फ्रॉइड असतो, विल्यम जेम्स असतो, कुत्र्यावर प्रयोग करणारा पावलॉव्ह असतो. ते असायलाच हवेत. पण मनाच्या शास्त्रावरचा दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेला एक प्रचंड ग्रंथ १९४० साली आपल्या अंधेरीहून नागरी लिपीत छापून बाहेर पडला, हे त्या मुलांना सोडाच, आपल्यापैकी किती मोठ्यांना ठाऊक आहे? त्या काळी अंधेरी मुंबई महापालिकेच्या हद्दीतसुद्धा नव्हती. भारतीय विद्या भवन ही संस्था नुकतीच सुरू झाली होती आणि तिचा कारभार तेव्हा अंधेरीत चालत असे. ग्रंथाचं नाव ‘विसुद्धिमग्ग’, लिहिणारे आचार्य बुद्धघोष, आणि तो संपादून नागरीत आणणारे प्राध्यापक धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचं नाव आपल्याकडे आदराने घेतलं जातं. पण बहुतेक वेळा ते नावापुरतंच घेतलं जातं. काही वडीलधारी मंडळी विचारतात, कोसंबी जन्माने गौड सारस्वत ब्राह्मण, राजकारणात गांधीजींच्या बाजूचे, मग त्यांचं चरित्र आपण का वाचायचं? प्रश्न सरळ आहे आणि तो टाळण्याचं कारण नाही. हा माणूस आयुष्यभर काय शिकला, कुणाला शिकवत राहिला आणि त्यासाठी काय सोडलं, हे नीट पाहिलं की उत्तर ज्याचं त्याला देता येईल.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. वडील दामोदर, आई आनंदीबाई. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य. मराठी शिक्षण मिळालं ते जेमतेम, इंग्रजी तर नाहीच. घरची नारळाची बागाईत सांभाळायची, हेच काम नशिबी आलेलं. १८९१ मध्ये बाळाबाईंशी लग्न झालं. चारचौघांसारखा संसार सुरू झाला. पण वाचनाची तहान विलक्षण होती. ‘बालबोधमेवा’ नावाचं मुलांचं एक मराठी मासिक तेव्हा निघत असे. त्यात भगवान बुद्धांचं छोटंसं चरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि या तरुणाचं चित्त तिथेच अडकलं. पुढे गोविंद नारायण काणे यांचं मराठी बुद्धचरित्र मिळवून त्याची पारायणं केली. बघा, ज्या ज्ञानासाठी पुढे अर्धं जग पालथं घातलं त्याची सुरुवात मुलांच्या मासिकातल्या चार पानांपासून झाली. आपल्या घरी मुलांचं मासिक येतं का, असं सहज विचारावंसं वाटतं.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. इथे एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण अशा चरित्रांत ती बहुतेक गाळली जाते. मागे राहिलेल्या बाळाबाईंनी पुढची सहा-सात वर्षं कशी काढली असतील? नवरा कुठे आहे, येणार की नाही, काही भरवसा नाही. पदरात मूल. धर्मानंदांच्या विद्येला जी किंमत पडली तिचा मोठा वाटा या माउलीने भरला आहे. आपल्या उपासिकांनी तरी तिचं नाव लक्षात ठेवावं.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना दिशा दाखवली. संस्कृत पक्कं करायचं म्हणून ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून व्याकरणाचे पाठ घेतले. १९०२ च्या सुरुवातीला नेपाळ गाठलं, पण तिथे जिवंत धम्म सापडेल ही आशा फोल ठरली. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि तिथून त्याच वर्षी सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांच्यापाशी ते श्रामणेर झाले आणि पालीचा अभ्यास सुरू झाला. वय पंचविशीचं. आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर बसून मुळाक्षरांपासून शिकायचं, भाषा परकी, तिकडचं अन्न पोटाला झेपत नाही. तब्येत ढासळली म्हणून मद्रासला आले. तिथून ब्रह्मदेश. तिथे भिक्षू म्हणून राहिले, मंडालेच्या परिसरात ध्यानाचा अभ्यास केला. मधल्या काळात कुशिनारा, सारनाथ अशी पायपीट झाली ती वेगळीच. हा सगळा प्रवास त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात (१९२४) अगदी साध्या भाषेत लिहून ठेवला आहे. कुठे मोठेपणाचा आव नाही. पोट बिघडलं तर बिघडलं म्हणून लिहिलंय.

या भटकंतीतून त्यांच्या हाती जे आलं ते फार मोलाचं होतं. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहली लोक ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मी लोक ब्रह्मी अक्षरांत, सयामी लोक सयामी अक्षरांत. भारतात तर धम्माबरोबर पालीचे ग्रंथही नाहीसे झालेले. म्हणजे बुद्धवचन वाचायचं तर परक्या देशाची लिपी शिकणं आलं. युरोपातल्या विद्वानांनी रोमन लिपीत काही ग्रंथ छापले होते, पण ते इंग्रजी येणाऱ्यांसाठी. कोसंबींनी सिंहली आणि ब्रह्मी लिप्या त्या त्या देशात राहून, तिथल्या भिक्षूंच्या तोंडून शिकून घेतल्या. शिवाय नुसतं पुस्तक वाचून आलेले पंडित आणि स्वतः कर्मस्थान घेऊन बसलेला साधक यांच्यात फरक असतोच. कोसंबींकडे दोन्ही गोष्टी होत्या.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास आले आणि चीवर उतरवून शिक्षकाच्या पेशात शिरले. आधी नॅशनल कॉलेज, नंतर आशुतोष मुखर्जींच्या कारकिर्दीत कलकत्ता विद्यापीठ. ज्याला शाळेचं धड प्रमाणपत्र नाही तो विद्यापीठात पाली शिकवू लागला! पगार चांगला, मान चांगला. बाळाबाईंना घेऊन संसारही पुन्हा मांडला. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजलेले डी. डी. कोसंबी.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? तिथेच बस्तान बसवील. पण कोसंबींच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हे ज्ञान माझ्या मराठी माणसाला कधी मिळणार? बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कुठल्याही गावी राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. कलकत्त्याची प्राप्ती याच्या कितीतरी पट होती. कोसंबींनी ती सोडली आणि पन्नास रुपये पत्करले. बायको आणि दोन मुलं असलेल्या माणसाने पगार कमी करून घ्यायचा हे बोलायला सोपं आहे, महिनाअखेर ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांचं ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० मध्ये आलं. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये आपले बाबासाहेब अमेरिकेला गेले. एका राजाच्या खजिन्यातून निघालेल्या या दोन रकमांनी पुढे काय काय घडवलं, याचा हिशेब मांडणं कठीण आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स भारतात आले असता त्यांची कोसंबींशी गाठ पडली. हार्वर्डमध्ये हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने विसुद्धिमग्गाच्या शुद्ध प्रतीचं काम हाती घेतलं होतं, पण १८९९ मध्ये तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायला सिंहली-ब्रह्मी पोथ्या वाचणारा आणि आतला विषय समजणारा माणूस हवा होता. १९१० मध्ये कोसंबी हार्वर्डला गेले. योगायोग असा की आधुनिक मानसशास्त्राचा पाया घालणारा विल्यम जेम्स याच हार्वर्डचा, आणि तो वारला ते हेच वर्ष. एक पर्व संपत होतं आणि त्याच आवारात गोव्याचा हा माणूस पाचव्या शतकातल्या मानसशास्त्राच्या पोथ्या उलगडत बसला होता.

असं या ग्रंथात आहे तरी काय? नुसतं नाव घेऊन पुढे जाण्यात अर्थ नाही, थोडं थांबूया.

आचार्य बुद्धघोष पाचव्या शतकात सिंहलद्वीपातल्या अनुराधपूरच्या महाविहारात राहिले आणि तिथे त्यांनी हा ग्रंथ लिहिला. त्याची तेवीस प्रकरणं. पहिली दोन शीलाची, मधली अकरा समाधीची, शेवटची दहा प्रज्ञेची. मन एकाग्र करण्यासाठी चाळीस कर्मस्थानं, म्हणजे चाळीस साधनं दिली आहेत. पण कुणीही उठून त्यातलं वाटेल ते घ्यायचं नाही. माणसामाणसाचा स्वभाव वेगळा. या स्वभावाला तिथे चरित हा शब्द आहे आणि त्याचे सहा प्रकार आहेत : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. राग म्हणजे इथे ओढ, आसक्ती, आपण चिडतो तो राग नव्हे बरं का. साधना सांगणाऱ्या गुरूला कल्याणमित्र म्हटलं आहे. त्याने आधी शिष्याचा स्वभाव ओळखायचा आणि मग त्याला मानवेल ते कर्मस्थान द्यायचं. संतापी माणसाला मैत्रीभावना, ओढीत गुंतणाऱ्याला अशुभभावना, गोंधळलेल्याला आणि सारख्या विचारांत भरकटणाऱ्याला श्वासाकडे लक्ष देण्याची आनापान स्मृती.

आणि स्वभाव ओळखायचा कसा? इथे बुद्धघोष अगदी आपल्या घरात येऊन बसतात. माणूस चालतो कसा, झोपतो कसा, जेवतो कसा, झाडतो कसा ते बघा, असं ते सांगतात. रागचरिताचा माणूस झाडू नीट धरून, घाई न करता, सगळीकडे सारखं झाडतो. द्वेषचरिताचा झाडू घट्ट आवळून खराखरा झाडतो, धूळ दोन्ही बाजूंना उडवतो. मोहचरिताचा झाडू ढिला धरतो आणि झाडलेलं न झाडलेलं सारखंच. जेवणातही तेच. एकाला गोड, स्निग्ध आवडतं आणि तो बेताचा गोल घास करतो. दुसऱ्याला आंबट, रुक्ष आवडतं आणि तो तोंड भरून घास कोंबतो. तिसऱ्याची आवड ठरलेली नाही, शितं इकडेतिकडे सांडलेली. वाचताना आपल्याच घरातली माणसं डोळ्यांसमोर येतात की नाही? प्रत्येकाने राहावं कुठे याचासुद्धा विचार आहे. संतापी साधकाला स्वच्छ, प्रसन्न, नीटनेटकी जागा द्यावी आणि आसक्त साधकाला साधी, ओबडधोबड. म्हणजे संतापी माणसाला शिक्षा करायची नाही, त्याचा संताप निवेल अशी सोय करायची. आजच्या समुपदेशनाच्या वर्गात हा भाग जसाच्या तसा शिकवला तरी चालेल, असं माझं मत आहे.

पुढे प्रज्ञेच्या भागात मनाचं पृथक्करण येतं. अभिधम्मात चित्ताचे ८९ प्रकार आणि चित्ताबरोबर उठणारे ५२ चैतसिक धर्म सांगितले आहेत. लोभ कुठल्या चित्तात उठतो, त्याच्या जोडीला काय येतं, काय कधीच येऊ शकत नाही, असं सगळं मोजून मांडलेलं. आत्मा नावाची वस्तू न मानता मनाचा व्यवहार समजावून देणारं हे शास्त्र आहे. त्याच्या प्रवेशासाठी असलेल्या ‘अभिधम्मत्थसंगह’ या छोट्या ग्रंथावर कोसंबींनी पालीतच ‘नवनीत-टीका’ लिहिली. जुन्या टीका इतक्या बोजड की विद्यार्थी दारातूनच परत फिरायचा. कोसंबींनी लोणी तेवढं काढून वाढलं.

हार्वर्डचं काम मात्र सुखासुखी झालं नाही. तिथले ज्येष्ठ प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये काम अपुरं टाकून कोसंबी परतले. नावाचा हव्यास म्हणून नव्हे. कष्ट ज्याचे त्याचं नाव असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे १९१८ ते १९२२, १९२६-२७ आणि १९३१-३२ असे आणखी तीनदा ते अमेरिकेला गेले. कामगार चळवळीचा आणि समाजवादाचा विचार त्यांनी तिकडेच जवळून पाहिला.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वात मोठं काम हेच. भांडारकरांच्या प्रयत्नाने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली होती, पण शिकवणार कोण आणि शिकणार कोण? कोसंबींपुढे मोजके विद्यार्थी बसले, त्यांतून पुढे एक पिढी उभी राहिली. चिं. वि. जोशी घ्या. चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, दूरदर्शनवर ती मालिका आपण सगळ्यांनी पोट धरून पाहिली. पण हे जोशी पेशाने बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते आणि कोसंबींचे विद्यार्थी होते, हे सांगितलं की लोक चकित होतात. दुसरे डॉ. पु. वि. बापट. गुरूने विसुद्धिमग्गावर काम केलं, शिष्याने त्याची ‘विमुत्तिमग्ग’ या दुसऱ्या ग्रंथाशी तुलना करून १९३२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट घेतली. अभिधम्मपिटकाचा पहिला ग्रंथ ‘धम्मसंगणी’ बापट आणि वाडेकर यांनी १९४० मध्ये नागरीत संपादून दिला. इकडे मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचे प्रा. ना. के. भागवत मुंबई विद्यापीठातर्फे एकेक पाली ग्रंथ नागरीत काढत होते. एकाने लावलेल्या रोपाला अशा फांद्या फुटत गेल्या.

शिकवतानाच लिहिणंही चालू होतं. ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (१९१४), विसुद्धिमग्गातली साधना सामान्य माणसाला समजेल अशी सांगणारं ‘समाधिमार्ग’ (१९२५), ‘बौद्धसंघाचा परिचय’ (१९२६). मधली काही वर्षं अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेली. १९२९ मध्ये रशियातल्या लेनिनग्राडलाही जाऊन आले. तिथल्या विद्वानांना बौद्ध न्याय आणि अभिधम्म यांत रस होता.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला. त्रेपन्न वर्षांचा हा प्राध्यापक शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरला आणि पुढे आपल्या शेजारच्या विलेपार्ल्याच्या छावणीत येऊन तिची जबाबदारी घेतली. अटक झाली, शिक्षा झाली, ठाण्याच्या तुरुंगात रवानगी झाली. पुढे हायकोर्टाने शिक्षा रद्द केली म्हणून लवकर सुटले. सुटले आणि पुन्हा हार्वर्डच्या पोथ्यांवर जाऊन बसले!

१९३७ मध्ये परळच्या गिरणगावात ‘बहुजन विहार’ सुरू झाला. पैसा बिर्लांचा, कल्पना आणि कष्ट कोसंबींचे. नावच पाहा. बुद्धांच्या बहुजनहिताय या शब्दातलं. विहार बांधायला त्यांनी निवडली ती जागा गिरणी कामगारांच्या चाळींची. स्वतः काही काळ तिथे राहिले. त्याआधी दोनच वर्षं, १९३५ मध्ये, येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती, हा काळाचा संदर्भ ध्यानात घ्यायला हवा.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मुख्य मराठी ग्रंथ १९४० आणि १९४१ मध्ये दोन भागांत आला. संशोधन कसं करावं याचा तो वस्तुपाठ आहे. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि मध्यरात्री बायको-मुलाला झोपेत टाकून तो निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली. कोसंबींनी विचारलं, सर्वात जुन्या सुत्तांत असं आहे का? त्यांनी मज्झिमनिकायातलं अरियपरियेसन सुत्त काढून दाखवलं. तिथे आई-वडील रडत असताना आपण घर सोडलं, असं स्वतः भगवान सांगतात. म्हणजे लपूनछपून नव्हे. चार दृश्यांची कथा दीघनिकायात विपस्सी बुद्धाची म्हणून येते. ती मागाहून गौतमाला चिकटवली. मग घर सोडण्याचं खरं कारण काय? सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तात थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखे एकमेकांशी भांडणारे लोक पाहून आपल्याला भय वाटलं, असा उल्लेख आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारी भांडणं कोसंबींनी त्याला जोडली आणि शस्त्राने शस्त्र थांबत नाही या जाणिवेतून बोधिसत्त्व बाहेर पडला, असा निष्कर्ष काढला. ‘बोधिसत्त्व’ नाटकात त्यांनी हेच मांडलं.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ज्यांनी वाचला आहे त्यांना इथे ओळख पटेल. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथातही चार दृश्यांची कथा नाकारली आहे आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा हेच गृहत्यागाचं कारण दिलं आहे. बाबासाहेबांनी त्यात शाक्य संघाची सभा, मतदान, देशत्यागाची शिक्षा अशी स्वतःच्या कायदेपंडित बुद्धीची भर घातली. ते त्यांचं स्वतंत्र काम. पण मराठीत ही वाट सोळा-सतरा वर्षं आधी कोसंबींनी मोकळी केली होती, हे मान्य करण्यात कुणाचा मान कमी होत नाही.

शेवटाबद्दल मात्र मनात कालवाकालव होते. तब्येत ढासळत गेली. समाजाच्या उपयोगी न पडणारं शरीर इतरांच्या सेवेवर जगवू नये, असं त्यांच्या मनाने घेतलं. जैनांच्या पार्श्वनाथ परंपरेचा अभ्यास करता करता त्या वाटेने अन्नत्याग करून देह ठेवण्याकडे ते वळले. १९४६ मध्ये एकदा उपोषण सुरू केलं ते गांधीजींनी सोडवलं. पण पुढच्या वर्षी सेवाग्राम आश्रमात पुन्हा सुरू केलं आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचा अंत झाला. तथागतांनी देहदंडाची वाट स्वतः चालून पाहून सोडून दिली होती. ज्याने चाळीस कर्मस्थानं आपल्याला समजावून दिली त्यानेच शेवटी ही वाट धरावी, हे मला तरी पटत नाही. गुरूचं सगळंच पटलं पाहिजे असं बंधन आपल्या धम्मात नाही. जाताना त्यांच्या मनात होतं ते शिकवण्याचंच. पाली शिकायला इथल्या विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपाला पाठवावं, ही त्यांची इच्छा होती आणि गांधीजींनी ती उचलून धरली.

रोमन लिपीतला विसुद्धिमग्ग हार्वर्डने छापला तो १९५० मध्ये, कोसंबी जाऊन तीन वर्षं झाल्यावर. काम हाती घेतल्याला चाळीस वर्षं उलटली होती. मुखपृष्ठावर वॉरनच्या जोडीने कोसंबींचं नाव आहे. १९५६ मध्ये त्यांचे शिष्य डॉ. बापट यांनी संपादित केलेला ‘बौद्ध धर्माची २५०० वर्षे’ हा ग्रंथ भारत सरकारने काढला. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या मैदानावर बाबासाहेबांच्या मागोमाग लाखो कंठांनी त्रिशरण म्हटलं. पालीत.

ज्यांना कोसंबी वाचायचे आहेत त्यांनी आधी ‘निवेदन’ घ्यावं, मग ‘भगवान बुद्ध’. ‘समाधिमार्ग’ लहान आहे, पण त्याला घाईने हात घालू नये; रोज दोन पानं वाचावीत आणि थोडा वेळ डोळे मिटून बसावं. कॉलेजात मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी विसुद्धिमग्गातलं कर्मस्थान ग्रहण करण्याविषयीचं तिसरं प्रकरण काढून बघावं. झाडूची ती गोष्ट तिथेच आहे.